जावई जेवले?

चालू कारखान्याचे किस्से नसतात, तिथे नुसती कामं असतात. किस्से होतात ते बंद पडलेल्या कारखान्याचे. आमचा बंद पडून आता इतकी वर्षं झालीत की कुणाच्या लग्नात एका पंगतीला बसलो, तर मठ्ठा येईपर्यंत दोन किस्से होतात आणि हात धुताना तिसरा आठवतो! हसतो आम्ही भरपूर. हसून झालं की मात्र कुणीतरी उगाच घड्याळ बघतं.

सारोळ्याच्या पुलाअलीकडे, हायवेला लागून आमची पत्र्याची शेड होती. मी भोरची, नुकतीच बी.एस्सी. झालेली, तिथे केमिस्ट होते. म्हणजे नावाला केमिस्ट. बरण्या धुण्यापासून पाहुण्यांना चहा देण्यापर्यंत सगळं त्यात आलं. मालक म्हणाल तर पाठक सर. पुण्याच्या कॉलेजातली चांगली नोकरी सोडून ते इथे आले होते, कारण त्यांच्या डोक्यात एकच वेड होतं. लाकडातून साखर काढायची आणि त्या साखरेवर शेवाळ वाढवायचं!

वाटतं तितकं ते अवघड नव्हतं. वखारीतला भुसा आणायचा, ॲसिडच्या पाण्यात शिजवायचा, चुना घालून ॲसिड मारायचं, गाळायचं. खाली उरायचं काकवीसारखं तपकिरी गोड पाणी. ते बंद टाकीतल्या शेवाळाला पाजायचं. हे शेवाळ विहिरीच्या पायरीवरचं नव्हे, इतकं बारीक की डोळ्यांना नुसतं गढूळ पाणी दिसावं. साखर खाऊन ते भराभर वाढायचं. मग वाळवून त्याची पिवळी पावडर करायची आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची. पोल्ट्रीच्या फिकट अंड्यातला बलक असा शेंदरी व्हायचा की गावठी अंड्यानं लाजावं.

शेड उभी करायला पुण्याच्या एका शेठनी हात दिला होता. त्यांची अट साधी होती. "दोन दिवाळ्या बघतो. तोवर कायमचं एक गिऱ्हाईक आणा, नाहीतर कुलूप!" सर हसून हो म्हणाले. एक गिऱ्हाईक! त्यात काय एवढं?

*

भुसा पुरवायचे रशीदभाई. भोरमध्ये त्यांची लाकडाची वखार होती. मोठा गप्पिष्ट माणूस, आणि सरांवर त्यांचा फार जीव.

एकदा वेल्ह्याकडून भुशाची पोती भरून त्यांचा टेम्पो येत होता. वाटेत जंगल खात्याच्या नाक्यावर अडवला.

"काय हाय आत?"

"भुसा."

"कशाचा?"

"लाकडाचा."

"मग लाकडाचा परवाना दाखवा."

रशीदभाईंनी डोकं चालवलं. "साहेब, आता ह्यात लाकूड कुठं राह्यलं? ह्याची साखर हुणार हाय!"

नाक्यावरच्या माणसाने एक पोतं सोडलं, चिमूटभर भुसा जिभेवर ठेवला आणि थुंकला. "गोड लागत न्हाई."

"अजून झाली न्हाई ना साहेब! आमच्या सरांच्या हाताखालनं गेली की हुती."

"मग झालेली आणून दाखवा. तवर टेम्पो हितंच."

झालं! सर एसटीने वेल्ह्याच्या वाटेला लागले, पिशवीत साखरपाण्याची बाटली. त्या माणसाने बोट बुडवलं, चाटलं, बराच वेळ विचार केला. "गोड हाय जरा. पर मागनं कडू लागतंय." आणि टेम्पो सोडला.

आम्हाला वाटलं, सर वैतागून येतील. ते आले तेच हसत. म्हणाले, "आज पहिल्यांदा कुणीतरी आपला माल आपणहून चाखला!"

*

आता आमच्या शेडमधल्या खास शब्दाचा किस्सा.

भोंगवलीच्या शाळेचे गुरुजी एकदा मुलांना घेऊन शेड बघायला आले. सरांनी हौसेने सगळं दाखवलं. टाकीपाशी गुरुजी अडले.

"हे शेवाळच ना? मग असं झाकून अंधारात कसं वाढतं? आमच्या पुस्तकात तर ऊन पाहिजे म्हणून छापलंय."

सर म्हणाले, "गुरुजी, उन्हात राबून साखर करायची आणि ती खाऊन वाढायचं, हे त्याचं नेहमीचं काम. आपण साखरच आयती देतो. मग ते कशाला राबेल? बसल्या जागी खातं, फुगतं, आणि खाऊन झालं की परत मागतं. उजेड लागू दिला तर हिरवं पडतं. आपल्याला पिवळंच हवं. म्हणून झाकण."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "म्हणजे आमचे थोरले जावई!"

मुलं हसली, आम्ही हसलो, आणि त्या दिवसापासून टाकीतलं शेवाळ 'जावई' झालं. टाकी सांभाळायला भोंगवलीचाच बबन होता. तो तर शब्द असा वापरायचा की नवख्याला वाटावं, आत खरंच कुणीतरी लोडाला टेकून बसलंय. "मॅडम, हळू बोला, जावई पडलेत जरा." "मॅडम, जावयाचं पोट बिघडल्यालं दिसतंय."

पाळी बदलतानाची बोलणीही ठरून गेली. येणाऱ्याने विचारायचं, जाणाऱ्याने सांगायचं.

"जावई जेवले?"

"जेवले."

"पोटभर?"

"पोटभर."

"झाकण?"

"लावलं."

"मग जा घरी. मी आहे इथं."

हे झाल्याशिवाय कुणी शेडमधून पाऊल बाहेर टाकायचं नाही. सरसुद्धा पाळी घ्यायला आले की हेच विचारायचे, अगदी गंभीर चेहऱ्याने.

*

त्याच सुमारास सरांच्या मुलीचं, मीनलचं, लग्न झालं. खरे जावई आले. शिरीषराव. बडोद्याला नोकरी, स्वभावाने शांत, हसतमुख. लग्नात बबनने त्यांना वाकून नमस्कार केला आणि माझ्या कानात म्हणाला, "आता दोन झाले!"

मग व्हायचं ते झालं. एका खेपेला रशीदभाईंच्या वखारीतून कडुलिंबाचा भुसा मिसळून आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पाणी टाकीत गेलं, आणि दुपारपर्यंत आतला रंग उडाला, सगळं पांढरट पडून तळाला बसलं. बबन धावत बूथवर गेला आणि सरांच्या पुण्याच्या घरी फोन लावला. फोन काकूंनी घेतला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी.

"काकू, सरांना म्हणावं, जावई गेले."

"काय?"

"जावई गेले वो! आत्ताच. सकाळी चांगलं जेवल्यालं!"

काकू खुर्चीतच बसल्या. शेजारीण धावली. कुणीतरी बडोद्याला फोन लावून दिला. तिकडून खुद्द शिरीषराव बोलले, "हॅलो, मी शिरीष," आणि काकूंनी अशी किंकाळी फोडली की शेजारणीच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला!

संध्याकाळी सर घरी पोचले. काकूंनी देवापुढे पेढे ठेवले होते. "अहो, आपले जावई सुखरूप आहेत!" सरांना आधी काही कळेना. मग कळलं. ते पेढा हातात घेऊन बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळी टाकी गेली होती, परत पहिल्यापासून सुरुवात होती.

काकू पुढे कितीदा तरी हा किस्सा सांगायच्या. हसत हसत सुरू करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मुलीचा नवरा जिवंत आहे म्हणून मी पेढे वाटत होते, आणि हे रडत होते!"

रशीदभाईंना मात्र फार लागलं. बबन त्यांची समजूत घालत होता, "भाई, पाडव्याला मान्सं खात्यात की कडुलिंब, तेवढ्यानं कोन मरतं व्हय!" पण रशीदभाई त्यानंतर प्रत्येक पोतं स्वतः हुंगून पाठवायचे. म्हणायचे, "जावयाच्या ताटात कडू गेलं माझ्या हातनं."

*

काकूंनी कायदा केला. फोनवर 'जावई' म्हणायचं नाही, 'टाकी' म्हणायचं.

आली पहिली दिवाळी. मीनल आणि शिरीषराव दिवाळसणाला पुण्याला आले. ताटं मांडली, रांगोळ्या काढल्या, काकूंनी सकाळपासून खपून श्रीखंड केलं. जेवायला बसले आणि फोन वाजला. बबन! "सर, टाकी लई घाबरी झालीया. लाईट गेलीया, आन् जनरेटर बी धरंना."

लाईट गेली की ढवळणी बंद, हवा बंद. आतलं गुदमरायला वेळ लागत नाही. सर अर्ध्या ताटावरून उठले. काकूंनी त्यांच्या ताटावर ताट झाकलं. शिरीषराव म्हणाले, "बाबा, मीही येतो." नव्या कपड्यांत, कपाळावर कुंकू तसंच, सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून ते सारोळ्याला आले. मीनल आणि काकू घरी, मध्ये श्रीखंडाचं पातेलं.

मी तेव्हा शेडवरच होते. आम्ही आळीपाळीने लाकडी दांडक्याने टाकी ढवळली. शिरीषरावांनी बाह्या सरसावून आमच्याइतकंच ढवळलं. लाईट आल्यावर बबनची पाळी संपली आणि सर त्याच्या जागी उभे राहिले. "जावई जेवले?" "जेवले." "पोटभर?" शिरीषराव टक लावून ऐकत होते. ते संपल्यावर हसून म्हणाले, "बाबा, ह्या जावयाला वेळच्या वेळी जेवण, वर ढवळायला सासरे! आणि आम्ही अर्ध्या ताटावरून उठलो."

सगळे हसले. सर सगळ्यांत जास्त हसले. मग त्यांना आठवलं की दिवाळसणाला जावयाला काही द्यायचं असतं. ते आत गेले आणि पावडरीची पिशवी घेऊन आले! "घ्या. ह्या घरातलं सगळ्यांत चांगलं हेच आहे." शिरीषरावांनी दोन्ही हातांनी घेतली.

पुढच्या दिवाळीला मीनलने फोनवर सांगितलं, ह्यांना सुट्टी नाही. सुट्टी होती. सरांनाही ते माहीत होतं. फोन ठेवून ते म्हणाले, "बरं झालं, नाहीतरी मला वेळ कुठे होता!"

*

ह्या दोन दिवाळ्यांच्या मधला किस्सा सगळ्यांत हसवतो, आणि माझा सगळ्यांत जीव जळतो तोही ह्याच किश्श्याने.

भोंगवलीला एका अण्णांची छोटी पोल्ट्री होती. बबनच्या ओळखीने त्यांनी आमची पावडर कोंबड्यांना घालून बघितली. बलक असा झाला की अण्णांनी पहिलं अंडं फोडून बायकोला हाक मारली! ती अंडी सारोळ्याच्या एका धाब्यावर जायला लागली. ट्रकवाले ऑम्लेट बघून खूश. "गावठी दिसतंय!" धाबेवाला म्हणायचा, "मग! गावठीच." खप वाढला. अण्णा म्हणाले, दसऱ्यापासून पावडर कायमची लावू, माझे दोन पाव्हणे बी घेतील. शेठची अट पुरी होणार होती. सरांनी आम्हाला जिलेबी आणून दिली.

आणि एक दिवस सर स्वतःच त्या धाब्यावर जेवायला गेले. मी आणि रशीदभाई बरोबर. शेजारच्या बाजेवर तीन ट्रकवाले ऑम्लेट खात होते. एक म्हणाला, "असलं गावठी अंडं पुण्यात मिळत न्हाई."

सरांना राहवेना. "गावठी नाही हो ते. कोंबडी पोल्ट्रीचीच आहे. हा रंग लाकडाचा!"

"लाकडाचा?"

रशीदभाईंनी हळूच सरांचा पाय दाबला. पण आपल्या विषयावर आलेला प्राध्यापक पाय दाबून थांबतो थोडाच! सरांनी पहिल्यापासून समजावून सांगितलं. भुसा म्हणाले, तेव्हा एकाचा घास हातातच राहिला. ॲसिड म्हणाले, तेव्हा दुसऱ्याने ताटली सरकवली. शेवाळ म्हणाले, तेव्हा तिसरा चूळ भरायला उठला!

आठवड्याभरात त्या पट्ट्यातल्या सगळ्या धाब्यांवर एकच बोलणं. "लाकडाची अंडी हायेत का? मग नको."

अण्णा शेडवर आले. चिडलेले नव्हते, तेच वाईट होतं. हात जोडून म्हणाले, "सर, तुमी खोटं बोलावं असं म्या म्हनत न्हाई. पर खरं जरा कमी बोलला असता, तर काय बिघडलं असतं?"

सर म्हणाले, "अण्णा, लोकांच्या पोटात जातंय ते. त्यांना ठाऊक नको?"

अण्णांनी परत हात जोडले आणि निघाले. सरांचं बरोबरच होतं. तरी मला अजून वाटतं, त्या दिवशी ते पलीकडच्या धाब्यावर जेवायला गेले असते तर!

*

दुसरी दिवाळी झाली आणि शेठनी शब्दाप्रमाणे कुलूप पाठवलं. भला माणूस होता, त्याने वाट बघितली होती. टाकी विकायची होती, म्हणजे रिकामी करायची होती.

टाकीच्या तळाचा कॉक सोडायला कुणी पुढे होईना. बबन म्हणाला, "माझ्यानं न्हाई व्हायचं." सर टाकीकडे पाठ करून खिडकीतून हायवे बघत होते.

तेवढ्यात रशीदभाई आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं, तर कोरा टॉवेल, टोपी आणि नारळ! त्यांनी टॉवेल नीट घडी करून टाकीच्या झाकणावर ठेवला, त्यावर टोपी, त्यावर नारळ.

"जावयाला रिकाम्या हातानं धाडत न्हाईत, सर."

बबन तोंड फिरवून बाहेर गेला. मग रशीदभाईंनीच खाली बसून कॉक सोडला. पिवळं पाणी पाटातून शेजारच्या पडीक रानात गेलं. नारळ आम्ही फोडला आणि वाटून खाल्ला. टोपी सरांनी घरी नेली. ती ते घालताना मी कधी बघितली नाही.

*

मधे पुष्कळ वर्षं गेली. मी भोरला शाळेत शिकवायला लागले. बबनने टेम्पो घेतला. रशीदभाईंची वखार मुलगा बघायला लागला. सर पुण्यात असायचे, फारसे कुणाला भेटायचे नाहीत. काकू गेल्या तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा उशिरा.

मग एक दिवस मीनलचा मोबाईलवर फोन आला. सरांना झटका आला होता, दवाखान्यात होते. आम्ही तिघं बबनच्याच टेम्पोतून गेलो. दुपारची वेळ होती. खोलीत उन्हाचा मोठा पट्टा पलंगावर आला होता आणि सर डोळे मिटून पडले होते, निम्मे झालेले. शेजारी स्टुलावर शिरीषराव बसले होते. केस पिकलेले, दाढी वाढलेली. रजा टाकून आले होते. सरांच्या तोंडाशी चमच्याने पेज धरत होते, आणि सर तोंड उघडत नव्हते.

मीनल हळूच म्हणाली, "चार दिवस झाले, कुणाला ओळखत नाहीत. एक शब्द बोलले नाहीत."

रशीदभाई जवळ गेले. "सर, म्या रशीद. भोरचा." काही नाही. बबनने पायाला हात लावला. काही नाही. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

शिरीषरावांनी वाटी खाली ठेवली. तिचा आवाज झाला. सरांचे ओठ हलले.

"जावई जेवले?"

बबनचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय! पण त्याच्या आधी शिरीषराव बोलले.

"जेवले."

"पोटभर?"

"पोटभर, बाबा."

"झाकण?"

शिरीषराव उठले. खिडकीपाशी गेले आणि पडदा ओढून घेतला. पलंगावरचं ऊन गेलं.

"लावलं."

सरांनी मान हलवली. समाधानाने, पाळी घेताना हलवायचे तशी.

"मग जा घरी. मी आहे इथं."

शिरीषरावांनी स्टूल आणखी पुढे ओढलं आणि बसले.